गवेसाहेबांच्या संगणकावरही चालणारी आवृत्ती

एका जंगलात सगळ्या प्राण्यांकडे संगणक होते. कुठून आले, विजेचं काय, असलं विचारू नका. गोष्टीत कोल्हा बोलतो तेव्हा तुम्ही त्याची जीभ तपासायला जात नाही. तेव्हा मुलांनो, मांडी घालून बसा आणि हातातले मोबाइल खाली ठेवा. खाली म्हणजे मांडीवर नाही.

तर त्या जंगलात वेणू नावाचं एक खवलेमांजर राहत असे. खवलेमांजर म्हणजे मांजर नव्हे. अंगभर खवले, लांब जीभ, मुंग्यांवर पोट भरणारा असा हा प्राणी. स्वभावाने फार भिडस्त. कुणी आवाज चढवला की ते स्वतःला गुंडाळून घेतं आणि चेंडू होऊन बसतं. वेणूला एक बाळ होतं. खवलेमांजराचं बाळ आईच्या शेपटीवर बसून फिरतं, तसं तेही दिवसभर आईच्या शेपटीवर असायचं.

वेणूने एक प्रोग्राम लिहिला होता. त्याचं नाव ‘धूर’. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागून धूर दिसला की ‘धूर’ सगळ्यांच्या संगणकावर घंटा वाजवायचा आणि कुठल्या वाटेने पळायचं ते दाखवायचा. वेणूने तो फुकट दिला होता. नुसता फुकट नाही, त्याचं आतलं सगळं लिखाण उघडं ठेवलं होतं. कुणीही वाचावं, चूक दिसली तर दुरुस्त करावी, हवं तर घेऊन जाऊन आपला वेगळा प्रोग्राम करावा. जंगलाला ही कल्पना फार आवडली. त्यातला फुकट हा भाग विशेष आवडला. बाकीचा भाग कुणी वाचायला गेलं नाही.

एकटी शेवंता गेली. शेवंता म्हणजे शेंड्यावर राहणारी शेकरू. ती रोज झाडावरून उतरून यायची, वेणूच्या बिळाशी बसायची आणि चुका शोधून द्यायची. पैसे तिलाही कुणी देत नव्हतं. दोघींना काम आवडायचं, एवढंच त्याचं कारण. मोठ्या माणसांना हे कारण पटत नाही, पण तुम्हाला पटेल.

गेल्या उन्हाळ्यात मात्र घोटाळा झाला. वणवा पाचोळ्याखालून सरपटत आला. धूर दिसायच्या आधी आग दारात. वेणू बाळाला घेऊन कशीबशी ओढ्यात उतरली आणि तिथेच तिने ठरवलं, की पुढच्या उन्हाळ्याच्या आत आपल्या प्रोग्रामला धग ओळखता आली पाहिजे. पाचोळ्याखाली निखारा फिरायला लागला की लगेच घंटा. शेपटीवर बाळ असलं की जोरात पळता येत नाही, थोडा वेळ जास्त लागतो. तिला तेवढाच वेळ हवा होता.

आता इथे थोडं शिकायला लागेल, तोंडं वाकडी करू नका. आपण जे लिहितो ते संगणकाला थेट समजत नाही. मधे एक दुभाषा लागतो. त्याला कंपायलर म्हणतात. नवा कंपायलर हुशार होता, धग मोजायची भाषा त्याला येत होती, पण फार जुन्या संगणकांवर तो चालत नसे, तिथे जुनाच लागे. जुन्या कंपायलरला आग म्हटलेलं कळायचं, पण पाचोळ्याखालचा निखारा म्हटलं की तो हातच टेकायचा. त्याला समजावायला एका ओळीच्या जागी पानभर लिहावं लागे, आणि तरी त्याला ते समजेलच असं नसे.

म्हणून वेणूने वडाला एक सूचना लावली. पुढची आवृत्ती फार जुन्या संगणकांवर चालणार नाही. जुनी आवृत्ती आहे तशीच राहील, ज्यांना हवी त्यांनी ती खुशाल वापरत राहावी.

जंगलात इतका जुना संगणक एकच होता. तो गवेसाहेबांचा.

गवेसाहेब म्हणजे रानगवा, पाणवठ्यालगतच्या कुरणाचे मालक. अंगाने भलेमोठे, मनाने त्याहून मोठे असं ते स्वतःच सांगत. त्यांचा संगणक त्यांच्या आजोबांनी घेतलेला. त्यातली ऑपरेटिंग सिस्टिम ज्या बगळ्यांनी बनवली होती, ते बगळे केव्हाच दुकान बंद करून उडून गेले होते. कळफलकावरची अक्षरं पुसली होती. पण संगणक चालत होता, आणि चालतं त्याला हात लावायचा नाही हा गवेसाहेबांच्या घराण्याचा बाणा होता.

सूचना वाचून जंगल पेटलं. म्हणजे रागाने पेटलं, खरं पेटायला अजून अवकाश होता. सगळ्यात जास्त चिडली ती वानरं. ती स्वतः दर दिवाळीला नवा फोन घेत. पण हा जुन्या पिढीवर अन्याय आहे, हा दुर्बळांना मागे टाकण्याचा डाव आहे, असं ती फांद्याफांद्यांवरून सांगत सुटली. दुर्बळ गवेसाहेब तेव्हा कुरणात उभे राहून गवत खात होते.

संध्याकाळी ते स्वतःच वेणूकडे आले. बरोबर त्यांची कारकून घोरपड होती. ती एकदा जागेला चिकटली की सुटत नसे, म्हणून साहेबांनी तिला कायम केलं होतं.

“वेणूबाई,” गवेसाहेब म्हणाले, “आमी गरिबांनी जायाचं कुटं?”

वेणूने नम्रपणे सांगितलं, की जुनी आवृत्ती कुठे जात नाहीये. तुमच्या संगणकावर ती आज चालते तशीच उद्याही चालेल. तुम्हाला बदल नको आहे ना, मग काहीच बदलणार नाही.

“म्हंजे जगानं नवं वापरायचं आन आमी जुनं?” गवेसाहेब दुखावले. “आमास्नी बी नवंच पायजे. फक्त आमच्या हितलं काय बदलायचं न्हाई.”

वेणूने विचारलं की मग संगणक बदलता येईल का. नदीपलीकडे माकडतोंड्या घुबडाचं दुकान आहे, तो जुना परत घेऊन नवा देतो. घोरपडीने जीभ बाहेर काढून आत घेतली. गवेसाहेबांनी एक पाय आपटला आणि आवाज चढवून विचारलं, आमच्या आजोबांनी काय चुकीचा घेतलेला काय?

झालं. वेणू गुंडाळून बसली.

त्या जंगलात एक जुना रिवाज होता. खवलेमांजर गुंडाळून बसलं की ते कबूल आहे असं धरायचं. कारण गुंडाळल्यावर ते काही बोलत नाही, आणि जो बोलत नाही त्याचा होकार असतो, असं वाघाच्या आजोबांच्या वेळी ठरलं होतं. वाघाच्या आजोबांना हा नियम सोयीचा पडत असे.

“ठरलं तर मग,” असं म्हणून गवेसाहेब निघून गेले. वानरांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून वेणू कामाला लागली. आधीच तिचा संगणक नवा, त्यावर जुन्याची अडचण कळणार कशी? ती म्हणाली, मी तुमच्याकडे येऊन बघते. घोरपड म्हणाली, सुरक्षेच्या कारणास्तव बाहेरच्यांना मनाई आहे. मग वेणू लिहायची, पाठवायची आणि वाट बघायची. पंधरवड्याने निरोप यायचा, चालत नाही. का चालत नाही? माहीत नाही. पडद्यावर काय दिसतं? इंग्रजीत कायतरी म्हणतंय.

शेवटी वेणूने गिधाडांच्या कड्यावरून एक मोडका संगणक ओढत आणला. तसाच, आजोबांच्या वेळचा. त्याला चालू करण्यात हिवाळा संपला. मग तिने आपल्या लिखाणात जागोजागी लिहायला सुरुवात केली, की हा संगणक साधा असेल तर असं कर, आणि गवेसाहेबांचा असेल तर तसं कर. हळूहळू ‘तसं’चा भाग ‘असं’पेक्षा मोठा झाला. कुठली ओळ कशासाठी आहे हे तिचं तिलाच आठवेना. धग ओळखायचं काम पुढच्या आठवड्यावर गेलं. पुढचा आठवडा नेहमी पुढेच असतो, हे तुम्हाला गृहपाठामुळे माहीत आहे.

शेवंता या काळात रोज काहीतरी करून आणायची. निखाऱ्याची धग ओळखणारं लिखाण तिने जवळजवळ पुरं केलं होतं. छोटं, नेटकं, वाचताना आनंद व्हावा असं. वेणू ते वाचायची, कौतुक करायची आणि परत द्यायची. जुन्या कंपायलरला ते समजत नव्हतं. शेवंताने ते मोडून पुन्हा लिहिलं. पुन्हा परत. तिसऱ्यांदा वेणूने परत दिलं तेव्हा शेवंताने शेपूट झाडली.

“वेणू, उन्हाळा आला,” ती म्हणाली. “तू वणव्यासाठी लिहीत होतीस. आता गव्यासाठी लिहितेस. त्याला तर पाण्यात उतरलं की झालं. तुझ्या शेपटीवर बाळ आहे.”

वेणू म्हणाली, एवढं एक झालं की मग धगच हातात घेणार आहे. त्यांचं मन कसं मोडू? लिखाण उघडंच होतं, शेवंताने त्याची एक प्रत घेतली आणि डोंगराच्या पलीकडे गेली. तिथे तिने आपला वेगळा प्रोग्राम उभा केला आणि त्याचं नाव ‘धग’ ठेवलं. तो गवेसाहेबांच्या संगणकावर चालत नव्हता. इकडच्या जंगलात लगेच तिला फुटीर ठरवण्यात आलं. जिथे गवेसाहेबांना पान नाही त्या पंगतीला आम्ही बसणार नाही, असं वानरांनी जाहीर केलं, आणि ‘धग’ कुणीही घ्यायची नाही असं ठरलं.

इकडे उन्हाळ्याच्या तोंडावर वेणूची नवी आवृत्ती तयार झाली. घोरपडीचा निरोप आला, चालतंय. वेणू आनंदाने रडली. नव्या आवृत्तीत नवीन काय होतं? ती गवेसाहेबांच्या संगणकावर चालत होती. आणखी काही विचारू नका, आणखी काही नव्हतं.

जंगलाने तिचा सत्कार केला. आपल्याकडे कुणाला मदत करायची राहून गेली की सत्कार करतात. अध्यक्षस्थानी गवेसाहेब होते. सर्वांना सामावून घेणारा प्रोग्राम कसा असावा, यावर ते ऊन उतरेपर्यंत बोलले. वेणूच्या खवल्यांवर शाल घातली, ती अडकून फाटली. नारळ दिला. खवलेमांजराला दात नसतात, हे आयोजकांना माहीत नव्हतं. मदतनीस म्हणून कुणी पुढे येता का, असं वेणूने भाषणात हळूच विचारलं, तेव्हा सगळे चहाकडे वळले होते.

आणि मग एका दुपारी वणवा आला. पुन्हा पाचोळ्याखालूनच.

डोंगरापलीकडे ‘धग’ची घंटा वाजली. तिकडचे प्राणी पाण्याकडे चालत गेले, पळायची वेळच आली नाही. शेवंता मात्र उलट्या दिशेने निघाली. शेंड्याशेंड्यांवरून उड्या मारत ती इकडे आली तेव्हा वेणूच्या बिळाभोवतीचा पाचोळा लाल होत होता. वेणूचा संगणक गप्प होता. धूर दिसेपर्यंत तो गप्पच राहणार, त्याला तसंच शिकवलेलं होतं.

वेणूने आग बघितली आणि तिला जे येत होतं ते तिने केलं. बाळाला पोटाशी घेतलं आणि गुंडाळून बसली. वाघाचा दात खवल्यांना लागत नाही. आगीचं तसं नसतं. शेवंताने हाका मारल्या, खवले ओरबाडले, पण तो चेंडू उघडेना. तेव्हा तिने जीव खाऊन त्याला मागून ढकललं. खाली उतार होता म्हणून बरं, चेंडू निखाऱ्यांवरून गडगडत गेला आणि ओढ्यात पडला.

त्यानंतर झाडांच्या वर धूर दिसला आणि जंगलभर घंटा वाजल्या. सगळ्यांच्या संगणकावर वाजल्या. नव्या, जुन्या, गरिबाच्या, श्रीमंताच्या. गवेसाहेबांच्याही. एकाही संगणकावर अन्याय झाला नाही, सगळ्यांना सारखाच उशीर झाला.

वेणूचं बाळ वाचलं. वेणूची पाठ भाजली. शेजारच्या भेकरीचं पाडस नुकतंच उभं राहायला शिकलं होतं, ते वाचलं नाही. या वाक्यावर मला काही थट्टा सुचत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

राख निवल्यावर गवेसाहेबांच्या कुरणात चौकशी बसली. तक्रार गवेसाहेबांचीच होती. ते वणव्यात पाण्यात उभे होते, त्यामुळे त्यांना काही झालं नव्हतं. पण घंटा उशिरा वाजली, त्यामुळे त्यांना चरणं अर्धवट सोडून उठावं लागलं होतं. नवी आवृत्ती सदोष आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. वेणूला संगणक तपासायला बोलावलं. सुरक्षेचं कारण त्या दिवशी कुणाला आठवलं नाही.

वेणूने संगणक बघितला. मग पुन्हा बघितला. त्याच्यावर नवी आवृत्ती नव्हतीच. बाळ जन्मायच्याही कितीतरी आधी तिने जो पहिला ‘धूर’ दिला होता, तोच अजून चालू होता.

तिने घोरपडीकडे बघितलं. घोरपडीने सांगितलं की नवी आवृत्ती आली की आपण ती एकदा बसवून बघतो. चालते असं दिसलं की चालते म्हणून कळवतो, आणि काढून टाकतो.

“चालतंय त्येला हात कशाला लावायचा?” गवेसाहेब म्हणाले. “पर तुमचं नवं आमच्याकडं चालतं, येवढं कळलं की जीवाला बरं वाटतं बघा. उद्या लागलंच तर असावं. आता ते पलीकडलं ‘धग’ का काय म्हणत्यात, त्ये बी आमच्याकडं चालाय पायजे. कवा करताय?”

शेवटचं वाक्य त्यांनी जरा चढ्या आवाजात म्हटलं. सगळं जंगल वेणूकडे बघू लागलं. सवयीप्रमाणे वेणू गुंडाळायला वाकली. पण भाजलेली पाठ कडक झाली होती, ती वाकेना. तिने दोनदा प्रयत्न केला. दुखलं, पण पाठ काही वळली नाही. सगळ्यांसमोर ती तशीच उभी राहिली. आता काहीतरी बोलणं भागच होतं.

“नाही,” वेणू म्हणाली.

कुणाला समजेना. गवेसाहेबांनी घोरपडीला विचारलं, काय म्हणाल्या? घोरपडीने जीभ बाहेर काढली आणि ती आत घ्यायची विसरली. वेणूने पुन्हा सांगितलं, की यापुढे या संगणकासाठी ती एक ओळही लिहिणार नाही. लिखाण उघडं आहे. ज्याला गवेसाहेबांची इतकी कळकळ आहे त्याने ते घ्यावं आणि स्वतः लिहावं. मग तिने वानरांकडे बघितलं. वानरांना एकदम अंगावर उवा सापडल्या.

वेणू बदलली, असं त्या दिवशी जंगलात सगळे बोलले. यश डोक्यात गेलं, असंही बोलले. सत्कार परत घ्यावा असा एक ठराव आला, पण नारळ कुणी आधीच खाल्ला होता. वेणू बाळाला घेऊन शेवंताबरोबर डोंगरापलीकडे गेली.

आणि गवेसाहेब?

गवेसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी चरून झाल्यावर नदीपलीकडे गेले आणि घुबडाच्या दुकानातून नवा संगणक घेऊन आले. जुना त्याने परत घेतला. दुपारच्या रवंथाच्या आत ‘धग’ त्यांच्याकडे चालू झाली. रंग त्यांना आवडला. संध्याकाळी पाणवठ्यावर ते सगळ्यांना त्याबद्दल सांगत होते.

कुणीतरी विचारलं, साहेब, हे आधीच का नाही केलंत?

“मला कुणी ‘न्हाई’च म्हटलं न्हाई,” गवेसाहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात लबाडी अजिबात नव्हती. “आदी म्हटलं असतं तर आदीच आणला असता. माझं काय अडलं हुतं?”

भेकरी तिथेच पाणी पीत होती. तिने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, आणि मग ती पाणी अर्धवट टाकून निघून गेली.

तात्पर्य : मुलांनो, जे फुकट काम करतात त्यांनी कुणालाही नाही म्हणू नये. नाही म्हटलं की चांगल्या घरच्या प्राण्यांना उगाच नदी ओलांडून नवा संगणक आणावा लागतो, आणि त्यात त्यांची अख्खी सकाळ फुकट जाते.